चौथा ड्रम

सौंसरात कॉलेज नाही असं कोण म्हणतं? आहे, चांगलं आहे. तरी उत्तमच्या दीपालीनं नाव टाकलं ते पांढुर्ण्याच्या कॉलेजात, रोज सकाळी बसचे धक्के खात जायला. मोहल्ल्यातल्या बायांनी तिच्या आईला, सुशीलेला, विचारून विचारून हैराण केलं. "काहून व, इथलं कॉलेज काय कडू हाये?" सुशीला काय सांगणार? बी.ए. काय, पोरीला कुठल्याही कॉलेजातून चाललं असतं. तिला पाहिजे होता बँड, आणि बँड होता पांढुर्ण्याला.

साधासुधा बँड नव्हता तो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून पंधरा ऑगस्टच्या परेडमध्ये सगळ्यात पुढे तोच चालायचा. दीपालीनं अकरावीत असताना तो एकदा पाहिला. पांढरे पट्टे, निळ्या टोप्या, आणि एका ओळीत चार साइड ड्रम. आठ काड्या एकदम वर, आठ काड्या एकदम खाली. त्या दिवसापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जेवताना ताटावर बोटं वाजायची, आणि आई ओरडायची, "अवं, खाय ना! ताट काय तुझ्या बापाचा ड्रम हाये?"

बापाचा ड्रम मात्र खराच होता. उत्तम बावीस वर्षांपासून सौंसरच्या एका बँड पार्टीत साइड ड्रम वाजवत होता. लगीनसराईत लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. एरवी कपाशीचं निंदण नाहीतर संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढवणं. आसपासच्या चाळीस गावांतल्या लग्नांच्या व्हिडिओत उत्तम आहे, पण अर्धाच. एक खांदा, एक काडी, कधी नुसती टोपी. त्याचं नाव कोणी विचारत नसे. "ए ड्रमवाले, जोरात!" एवढंच त्याचं नाव.

दीपाली शिकली ती याच बापाकडून. ड्रमवर जुनी चादर घालायची, म्हणजे शेजारी बोंबलत नाहीत, आणि बसायचं. उत्तम शिकवायचा दोनच गोष्टी, पण हजार वेळा. पहिली: "नाचणाऱ्याच्या पायाकडे पाह्य. तो थांबला की आपण थांबायचं, त्याच्याकडे तोंड करायचं आन् त्याले वाजवून द्यायचं. बाजा नाचणाऱ्याचा असते, आपला नाही." दुसरी: "रस्त्यात मयत दिसली की ड्रमचं कातडं बंद. पण वरात त पुढं न्याच लागते, मंग काडी ड्रमच्या कड्यावर मारायची. कट्, कट्. पाय चालले पाहिजे, आवाज मयतीपर्यंत गेला नाही पाहिजे." लग्नात पोरीबाळी ड्रम वाजवत नाहीत, पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोन वर्षं दीपालीनं मोहल्ल्यापुढे वाजवलं होतं, आणि दर दहा पावलांवर नाचणाऱ्यांसाठी थांबली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता याच टाळ्या तिला नडायच्या होत्या, पण ते तिला कुठं ठाऊक?

जुलैच्या शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस आली. चार साइड ड्रमपैकी एक वाजवणारा पास होऊन गेला होता. चौथी जागा रिकामी होती, आणि ती नव्या पोरापोरींतून भरायची होती. जागा एक, नावं नऊ.

निवड करणार होते पुंडलिकराव. फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले, बोरगावचे, मिशा अशा की त्यांच्याकडे पाहूनच माणूस ताठ उभा राहील. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांनी पहिल्या दिवशी नऊ जणांना झाडाखाली बसवलं आणि एकेकाचे हात पाहिले. दीपालीची पाळी आली. तिनं डोळे मिटले आणि काड्या सोडल्या. उस्तादांची मान हलली नाही, पण मिशी हलली. ते मागे उभ्या असलेल्या सीनियर रोहितला म्हणाले, "हात पाह्य पोरीचे." रोहित बँडच्या पुढे चांदीच्या मुठीचा दंड घेऊन चालणारा. त्याला स्वतःशिवाय कोणाचं काही पाहायची सवय नव्हती.

मग म्हणाले, "आता चालून दाखवा." सगळा बँड मागे उभा केला, नवा ड्रमवाला पुढे, आणि मैदानाला एक चक्कर. तेज चल!

दीपाली निघाली. बरं चाललं होतं बाप्पा, फार बरं चाललं होतं. पण कॉलेजच्या ओसरीपाशी आल्यावर तिथं रिकामटेकडी बसलेली चार पोट्टी उठली आणि तिच्या ठेक्यावर नाचायला लागली. मस्करीच होती ती. दीपालीच्या पायांना मस्करी कळली नाही. ती थांबली. गर्रकन ओसरीकडे वळली, पोट्ट्यांच्या पायांकडे नजर लावली, आणि असा दणका दिला की काय सांगू! मागचा मोठा ढोलवाला धाडकन तिच्या पाठीवर आला, त्याच्यावर बिगूलवाले, आणि सगळ्या बँडची खिचडी झाली.

"थम!" उस्ताद ओरडले.

रोहित पोट धरून हसत होता. "उस्ताद जी, हिले नवरदेव दाखवा कोणीतरी! वरातवाली आली हो, वरातवाली!" सगळं मैदान हसलं. दीपालीला वाटलं, धरणी फाटली तर बरं.

उस्ताद जवळ आले. हसले नाहीत. "कोणापाशी शिकली?"

"घरीच," ती खाली पाहत म्हणाली. बापाचं नाव तिनं घेतलं नाही.

"हात सोन्याचे हाये, पण डोकं वरातीत अडकलं हाये. परेडमध्ये बँड कोणासाठी थांबत नाही. दहा दिवसांनी शेवटची परीक्षा. तू आन् हा कुलदीप, दोघंच. थांबली, त घरी जायचं."

कुलदीप म्हणजे खाजगी शाळेच्या बँडमधून आलेला, शिस्तीत वाजवणारा शांत पोरगा.

बसमध्ये ती रडली नाही. घरी येऊन रडली, आणि रागानं रडली. उत्तम शेतातून नुकताच येऊन पाय धूत होता. तिनं बॅग फेकली. "तुमच्यानं झालं! नाचणाऱ्याले पाह्य, नाचणाऱ्याले पाह्य! सगळं कॉलेज हासलं मले. वरातवाली म्हणून राहिले होते. तुम्ही जन्मभर लोकांच्या वराती हाकलल्या आन् मलेही तेच शिकवलं!"

सुशीला चुलीपासून उठली, "दीपाली, तोंड सांभाळ," म्हणाली. उत्तमचे पाय धुऊन झाले, तरी तो तांब्यानं पाणी टाकतच राहिला. जेवताना त्यानं एकदाच विचारलं, "थांबायचं नाही, एवढंच ना?"

"हाव."

"मंग सकाळी ड्रम घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बापलेक बोरगावच्या बाजूच्या एका बागेत गेले. सुशीला तिथंच कामाला होती, म्हणून बागवाल्याची ना नव्हती. दोन्हीकडे संत्र्याची झाडं, हिरवी फळं फांद्यांना लटकलेली, आणि मधून बैलगाडीची सरळ वाट. उत्तमनं पोरीच्या गळ्यात ड्रम अडकवला आणि स्वतः वीस पावलं पुढे जाऊन उभा राहिला.

"चाल," म्हणाला. "आन् काही झालं तरी थांबू नको."

ती चालायला लागली, आणि उत्तम नाचायला लागला.

बावीस वर्षं त्यानं लोकांना नाचताना पाहिलं होतं. सगळे त्याच्या अंगात साठून होते जणू. आधी तो नवरदेवाचा मामा झाला, रुमाल दातात धरून खांदे उडवणारा. मग फुगडी घालणारी मावशी झाला. मग पोट पुढे काढून नुसते हात हलवणारा सरपंच. दीपालीला हसू आवरेना, आणि हसू आलं की पाय थांबत. "थांबली!" उत्तम ओरडायचा. "परत! मागून!" ती परत मागे जायची. तो परत पुढे नाचायचा. रोज दिवसभर शेतात डवरणीला राबणारा माणूस, पण पायांना दम म्हणून नाही.

चौथ्या दिवशी ती मामापुढून निघून गेली. पाचव्या दिवशी सरपंचापुढून. सहाव्या दिवशी सुशीलाही गळलेल्या फळांची टोपली ठेवून पदर खोचून मधे आली, "मीही पाह्यतो इची परीक्षा," म्हणाली आणि अशी नाचली की उत्तमच पाहत राहिला. दीपाली दोघांच्या मधून गेली, नजर समोर.

मग उत्तमनं शेवटचं काढलं. लग्नात एक असा असतोच, नवरदेवाचा दोस्त, जो भर रस्त्यात आडवा पडतो आणि उठत नाही. बँडला त्याच्याभोवती उभं राहावंच लागतं. उत्तम वाटेत आडवा पडला.

दीपाली थांबली. "बाबा, उठा ना. तुमाले कशी ओलांडू?"

घरात कोणाचा पाय कोणाला लागला तरी हात लावून कपाळाला न्यायची रीत, आणि इथं बापाला ओलांडायचं!

"ओलांड," उत्तम मातीत पडूनच म्हणाला. "मी सांगून राहिलो ना. मी आयुष्यभर थांबलो पोरी. गावोगावच्या पोट्ट्यांसाठी थांबलो. तू थांबायचं नाही. चाल."

दोन वेळा तिचा पाय उचललाच नाही. तिसऱ्या वेळी उचलला. ड्रम न चुकवता, ठेका न मोडता ती बापावरून गेली आणि दहा पावलं पुढे जाऊन, ड्रम गळ्यातच असताना, परत धावत आली. वाकता येईना म्हणून गुडघ्यावर बसली आणि त्याच्या पायांना हात लावला. "बाबा, मी त्या दिवशी लय वाईट बोलली," ती म्हणाली.

"वाईट बोलली, पण खोटं नाही बोलली," उत्तम अंगावरची माती झाडत म्हणाला. "उठ, दोन चकरा राहिल्या."

परीक्षेच्या दिवशी ऊन पडलं होतं. उस्तादांनी सगळा बँड कॉलेजच्या गेटपाशी उभा केला आणि नियम सांगितला. "इथून रस्त्यानं परेडच्या मैदानापर्यंत कुलदीप वाजवंल, परत येताना दीपाली. एकट्याचा ड्रम, बाकीचे हात खाली. पंधरा माणसं त्याच एका ड्रमवर चालतील. तीस पाय. माझा 'थम' येईपर्यंत ठेका तुटला, त मी ऐकून घेणार नाही."

कुलदीप निघाला. साफ वाजवणं, एकेक ठोका मोजून मापून दिलेला. ट्रकनं कानाशी हॉर्न मारला तेव्हा त्याचा हात जरा घाईत आला, दोन-चार पावलं मोडली, पण त्यानं लगेच सावरलं. मैदानावर पोचल्यावर उस्ताद म्हणाले, "चांगलं हाये." दीपालीनं ते ऐकलं. आता नुसतं न चुकणं पुरणार नव्हतं.

"तेज चल!"

ती निघाली. पुढे रोहित, दंड वर-खाली करत. मागे सगळा बँड. चहाच्या टपरीपाशी तीच ओसरीवरची पोट्टी टपूनच बसली होती. सवय त्यांनाही होती. दोघं रस्त्यावर आले, एकानं शर्ट कमरेला बांधला आणि नाचायला लागले. "वरातवाली! थांब ना व!"

दीपालीला त्यांच्या जागी रुमाल दातात धरलेला बाप दिसला. तिला हसू आलं, आणि ती हसत हसत सरळ त्यांच्या अंगावर चालून गेली. पोट्ट्यांना वाटलं होतं ही वळेल. ती वळली नाही. एकजण बाजूला उडाला, दुसरा टपरीच्या बाकड्यावर बसलाच. मागून कोणीतरी खी खी केलं. पाय एकही मोडला नाही.

जिंकलं, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात समोरच्या गल्लीतून मयत निघाली.

चौघांच्या खांद्यावर तिरडी, मागे पन्नास-साठ माणसं, आणि एका म्हातारीचं रडणं. गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद. उस्ताद मागे, शेवटच्या ओळीपाशी. एका उभ्या टेम्पोमुळे गल्लीचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. 'थम' कोण म्हणणार? रोहितनं एकदा मागे पाहिलं आणि तो चालतच राहिला.

हुकूम होता, ठेका तुटला तर संपलं. आणि त्या म्हातारीच्या रडण्यावर ड्रम बडवायचा? उत्तमच्या घरात हे शिकवलं नव्हतं. दीपालीनं विचार केला असं मी म्हणणार नाही. विचाराला वेळच कुठं होता? तिच्या काड्या कातड्यावरून उचलल्या आणि ड्रमच्या लोखंडी कड्यावर आल्या.

कट्. कट्. कट्. कट्.

एवढासा आवाज, जवळच्यालाच ऐकू जाईल इतका. रोहितची मान झटक्यानं वळली. त्याला वाटलं, तुटला. पण त्याचे स्वतःचे पाय चालत होते. डावा, उजवा, डावा. मागचे पंधराही जण त्याच एवढ्याशा कट् कट् वर चालत होते, कोणी न सांगता, आवाज न करता पाय टाकत. मयतीच्या लोकांनी मान वळवून पाहिलं. तिरडी धरलेल्या एका म्हाताऱ्यानं दीपालीकडे बघून मान किंचित हलवली. मयत डावीकडे गेली, रस्ता मोकळा झाला, रडणं दूर गेलं, आणि मग कॉलेजचं गेट दिसलं तेव्हा काड्या परत कातड्यावर उतरल्या. असा धडाका, की गेटवरचा चौकीदार खुर्चीतून उभा राहिला.

"थम!"

उस्ताद धापा टाकत पुढे आले. रोहित म्हणाला, "उस्ताद जी, हिनं मधात ड्रम बंद केला. नियम होता…"

"तू चूप." उस्ताद दीपालीपुढे उभे राहिले. "कड्यावर जायले कोणी सांगितलं होतं?"

या वेळी तिनं खाली पाहिलं नाही.

"माझ्या बाबांनी, उस्ताद जी. त्यांचं नाव उत्तम. सौंसरच्या बँड पार्टीत ड्रम वाजवतात, बावीस वर्षांपासून. वरातीत." शेवटचा शब्द तिनं रोहितकडे पाहून उच्चारला. "मयतीपुढे बाजा वाजवत नाही, पण पायही मोडू द्याचे नाही, असं त्यांनी शिकवलं."

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "मी मागून पाय मोजून राहिलो होतो," ते सगळ्यांना म्हणाले. "ट्रकच्या हॉर्ननं पाच जणांचे पाय मोडले होते. या पोरीनं आवाज काढून घेतला, आन् तीसपैकी एक पाय मोडला नाही. ड्रम म्हणजे आवाज नाही बाबू, ड्रम म्हणजे पाय. हे मले फौजेत शिकायले चार वर्षं लागली." मग ते कुलदीपकडे वळले. "तुझं वाजवणं साफ हाये. पुढच्या वर्षी एक जागा निघते, तयारीत राह्य. ही जागा हिची."

कुलदीपनं पुढे होऊन स्वतःच्या गळ्यातला बँडचा पांढरा पट्टा काढला आणि दीपालीच्या हातात दिला. तोंड उतरलं होतं त्याचं, पण मन मोठं होतं. दीपालीनं पट्टा छातीशी धरला आणि मोठ्यानं, गेटवरच्या चौकीदारालाही ऐकू जाईल असं, रडली.

"आन् ऐक," उस्ताद जाता जाता म्हणाले. "पंधरा ऑगस्टले तुझ्या बाबाले घेऊन ये. मले त्याले भेटायचं हाये."

पंधरा ऑगस्टला उत्तम आला, परेड संपली की उस्तादांना भेटायचं ठरवून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सुशीला नव्या साडीत. दोघं दोरीपलीकडच्या गर्दीत पहिल्या रांगेत उभे राहिले, त्यासाठी दोन तास आधीच येऊन. उत्तमच्या हातांना काय करावं कळत नव्हतं. बावीस वर्षांत कुठल्याही मिरवणुकीत तो मोकळ्या हातांनी उभा राहिला नव्हता. कधी हात मागे बांधायचा, कधी सुशीलेची पिशवी धरायचा.

मग लांबून ठेका आला. चार ड्रम, आठ काड्या एकदम वर. उजवीकडून चौथी दीपाली, निळी टोपी कपाळापर्यंत ओढलेली, हनुवटी वर.

"आली व, आली आपली पोट्टी!" सुशीला ओरडली.

उत्तमचे पायच आधी हलले. मग खांदे. मग त्यानं खिशातला रुमाल काढून दातात धरला, दोरीखालून वाकून बाहेर आला आणि, बाप्पा रे, जिल्ह्याच्या परेडमध्ये, साहेब लोकांसमोर, सौंसरचा ड्रमवाला उत्तम पोरीच्या ड्रमवर नाचायला लागला. या वेळी तो कोणाचा मामा नव्हता, सरपंच नव्हता. बावीस वर्षं दुसऱ्यांना नाचवलं होतं त्यानं, आज पहिल्यांदा त्याच्यासाठी बाजा आला होता.

दीपालीनं त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. समोरचं सगळं पाण्यात बुडालं. हात चुकले नाहीत. डावा, उजवा, डावा. बाप एका हाताच्या अंतरावर नाचत होता, आणि ती नजर समोर ठेवून त्याच्यापुढून निघून गेली.

एका शिपायानं उत्तमचा दंड धरला. "ओ काका, मागं व्हा! काय करून राहिले?"

उत्तमनं दातातला रुमाल काढला आणि डोळे पुसले. "पाहिलं का साहेब?" तो त्या शिपायाला हलवून हलवून म्हणाला. "माझी पोरगी हाये ती. चौथी. थांबली नाही पाहा, थांबली नाही!"